माशी-माशीतला फरक

पावसाळ्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातल्या गोठ्यात जनावरांवर एकाच वेळी चार-पाच प्रकारच्या माश्या बसलेल्या असतात. काही पायांना झोंबतात, काही पाठीवर आणि खांद्यावर थव्याने चिकटून राहतात, काही शेपटीखालच्या मऊ कातडीत दडतात, तर काही एखाद्या उघड्या जखमेभोवती घोंघावतात. रोजच्या बोलण्यात या सगळ्यांना 'माशी' किंवा फार तर 'गोमाशी' एवढेच नाव पुरते. प्रत्यक्षात त्या निरनिराळ्या कुलांतल्या असतात आणि त्यांचे जगणेही निरनिराळे असते. एकीची अंडी ताज्या शेणात असतात, दुसरीची ओल्या कुजक्या पेंढ्यात, तिसरीची पाणथळ जागेतल्या गवताच्या पात्यावर, आणि चौथीची थेट जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला. माशीला आवर घालायचा तर ती जिथे वाढते तिथेच घालावा लागतो. ती जागा शोधण्याआधी माशी कोणती हे ओळखावे लागते.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे दोन तालुके माश्यांच्या वाढीला अनुकूल आहेत. पश्चिमेला समुद्रकिनारा, पूर्वेला डोंगर आणि मधे भातखाचरे, चिकूच्या वाड्या, गवताची राने. पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. बैल, गाई, म्हशी, शेळ्या जवळजवळ प्रत्येक पाड्यावर आहेत. मुंबईतले तबेले शहराबाहेर नेण्यासाठी उभारलेला दापचरीचा दुग्धप्रकल्पही याच भागातला. शेण, पेंढा, ओल आणि जनावरे एकत्र आली की माश्यांना लागणारे सगळे तयार असते.

द्विपंखी म्हणजे काय

खरी माशी ओळखण्याची पहिली खूण पंखांची संख्या. मधमाशी, गांधीलमाशी यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. घरमाशी, डास, गोमाशी यांना एकच जोडी असते, म्हणून या गणाला द्विपंखी म्हणतात. दुसऱ्या जोडीच्या जागी गुंडीसारखे टोक असलेले दोन बारीक दांडे उरलेले असतात. उडताना तोल सांभाळणारे हे अवयव म्हणजे संतोलक.

परजीवी माश्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात पूर्ण वाढलेली माशी जनावराचे रक्त पिते आणि तिची अळी शेण, चिखल किंवा पेंढा अशा ठिकाणी वाढते. दुसऱ्या प्रकारात माशी निरुपद्रवी असते, पण तिची अळी दुसऱ्या जिवाच्या शरीरात राहून त्याचे मांस खाते. दोन्ही प्रकारांत दिसायला सारख्या जाती आहेत. त्या वेगळ्या काढण्यासाठी तोंडाची रचना, मिशा, पंखांतल्या शिरा, छातीवरचे पट्टे, पोटावरचे ठिपके आणि बसण्याची ढब या सहा गोष्टी पाहाव्या लागतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग बहुतेक वेळा पुरते.

राखाडी रंगाच्या तिघी

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो घरमाशी, गोठ्यातली चावरी माशी आणि म्हैसमाशी या तिघींत. तिघी राखाडी आहेत आणि एकाच कुलातल्या आहेत.

घरमाशी, शास्त्रीय नाव मस्का डोमेस्टिका, सहा-सात मिलिमीटर लांब असते. छातीवर चार काळसर उभे पट्टे आणि पोटाच्या बाजूंना पिवळसर छटा असते. सोंड मऊ असून टोकाला स्पंजासारखी पसरट असते. तिने ती फक्त चाटू आणि शोषू शकते, टोचू शकत नाही. 'घरमाशी चावली' असे कुणी म्हणाले तर ती घरमाशी नव्हती एवढे नक्की.

चावणारी ती स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. आकार घरमाशीएवढाच आणि छातीवरही पट्टे, म्हणून नजर फसते. पण डोके बाजूने पाहिले की काळी, ताठ, सुईसारखी सोंड पुढे आलेली दिसते. पोटावर गोल गडद ठिपके असतात, सोंगट्यांच्या पटासारखे मांडलेले. भिंगाखाली आणखी दोन खुणा पक्क्या होतात. मिशीवर एक बारीक केस असतो, त्याला शूक म्हणतात. घरमाशीच्या शूकाला दोन्ही बाजूंनी पिसासारखे उपकेस असतात, चावऱ्या माशीच्या शूकाला फक्त वरच्या बाजूने. पंखाच्या टोकाकडची एक शीर घरमाशीत कोपरासारखी काटकोनात वळते, तर चावऱ्या माशीत ती हलकेच बाक घेते. बसण्याची रीतही निराळी. चावरी माशी भिंतीवर किंवा खांबावर बहुधा डोके वर करून बसते आणि जनावराचे पाय निवडते. जनावर सतत पाय आपटत असेल तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा.

तिसरी म्हैसमाशी, हिमॅटोबिया एक्झिगुआ. हिचीही सोंड टोचणारी आहे, पण आकार जेमतेम तीन-चार मिलिमीटर, म्हणजे चावऱ्या माशीच्या निम्मा. सोंडेच्या शेजारी स्पर्शकांची जोडी असते. चावऱ्या माशीत ती सोंडेच्या निम्म्याहूनही आखूड असते, म्हैसमाशीत जवळजवळ सोंडेइतकी लांब. म्हैसमाश्या पाठीवर, खांद्यावर, बरगड्यांवर थव्याने बसतात आणि रात्रंदिवस जनावराच्या अंगावरच राहतात. जनावराने शेण टाकले की मादी क्षणभर खाली उतरते, ताज्या पोवट्यात अंडी घालते आणि पुन्हा अंगावर येते.

या एका सवयीमुळे दोघींवरचे उपाय अगदी उलट होतात. म्हैसमाशी सारा वेळ अंगावर असल्याने जनावराच्या अंगावर लावलेले औषध तिला लागू पडते. चावरी माशी रक्त पिण्यापुरती काही मिनिटे अंगावर येते आणि उरलेला दिवस भिंतीवर, कुंपणावर, झुडपांवर काढते. तिच्यासाठी अंगावर कितीही औषध लावले तरी उपयोग थोडाच. तिची अळी मूत्र आणि शेण मिसळलेल्या ओल्या पेंढ्यात, गव्हाणीखाली सडलेल्या चाऱ्यात वाढते. ती घाण आठवड्यातून एकदा काढून पसरून वाळवली तर पुढची पिढीच तुटते. लम्पी त्वचारोगाची साथ २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरली, तेव्हा गोठ्यातल्या माश्या आवरण्यावर भर देण्यात आला. त्याचे कारण हेच. चावरी माशी एका जनावराचे रक्त अर्धवट पिऊन दुसऱ्यावर बसते आणि सोंडेला लागलेले विषाणू सोबत नेते.

या तिघींच्या घोळक्यात आणखी एक पाहुणी असते, बाजारमाशी किंवा मस्का सॉर्बेन्स. जनावरांच्या डोळ्यांच्या कडांना, जखमांना आणि लहान मुलांच्या चेहऱ्याला ती चिकटते. घरमाशीला छातीवर चार पट्टे असतात, हिला दोन रुंद पट्टे. मांसमाशीच्या छातीवर तीन काळे पट्टे असतात आणि पोट बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडीचे दिसते. पट्टे मोजण्याची सवय लागली की चार, दोन आणि तीन या आकड्यांवरच या तिघींची पहिली विभागणी होते.

मोठ्या डोळ्यांच्या घोडमाश्या

भाताच्या खाचरांत पाणी साचले की घोडमाश्या वाढतात. यांचे कुल टॅबॅनिडी. अंग भक्कम आणि डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे. रक्त फक्त मादी पिते. नर-मादी ओळखणे सोपे आहे. नराचे दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट राहते. जनावराच्या अंगावर सापडलेली घोडमाशी मादीच असते.

तीन वंशांतला फरक पंखांवरून कळतो. टॅबॅनस आकाराने मोठी, बहुधा स्वच्छ पारदर्शक पंखांची. हिमॅटोपोटाच्या पंखांवर राखाडी नक्षी असते आणि बसताना ते पोटावर कौलारू छपरासारखे उतरते ठेवलेले असतात. उडताना तिचा आवाज होत नाही, म्हणून ती चावेपर्यंत कळत नाही. क्रायसॉप्सच्या पंखांवर गडद आडवा पट्टा असतो, मिशा लांब असतात आणि डोळे सोनेरी-हिरवे, ठिपक्यांचे.

एका वंशातल्या जाती वेगळ्या करणे मात्र अवघड काम आहे. टॅबॅनस स्ट्रायटस ही आशियात सर्वत्र आढळणारी जाती. तिच्या पोटावर फिकट उभे पट्टे असतात, पण तसेच पट्टे असणाऱ्या तिच्या जवळच्या जाती आहेत आणि जुन्या संग्रहांत त्यांची सरमिसळ झालेली आहे. डोळ्यांवरचे रंगीत पट्टे ही चांगली खूण, पण माशी मेली की ते फिके पडतात. वाळलेल्या नमुन्याला काही तास ओलसर हवेत ठेवले तर ते पुन्हा उमटतात. म्हणून घोडमाशीचा नमुना घेतला की डोळ्यांचा रंग ताबडतोब लिहून ठेवावा लागतो.

घोडमाशी ओळखण्याचे महत्त्व सर्रा या रोगामुळे आहे. घोडे, उंट, गाई-म्हशींना होणाऱ्या या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान येथे शोधला. त्यांच्यावरून त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे नाव मिळाले. घोडमाश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये दाखवले. माणसाला हा परजीवी बाधत नाही असा समज होता. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला आणि माणसातला तो पहिला नोंदलेला रुग्ण ठरला. पुढच्या तपासणीत दिसले की या परजीवीला मारणारे एक प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतः नव्हते.

घोडमाशीची अळी चिखलात विखुरलेली असते, त्यामुळे तिथे तिला गाठणे कठीण. पण घोडमाश्या उन्हात हिंडतात आणि बंदिस्त, सावलीच्या गोठ्यात शिरायला नाखूष असतात. त्यांचा जोर असलेल्या दिवसांत दुपारी जनावरे आत बांधणे हाच साधा उपाय.

चपट्या, चिवट माश्या

शेपटीखाली, मागच्या पायांच्या फटीत आणि कासेजवळ चपट्या माश्या सापडतात. त्यांचे अंग चामड्यासारखे चिवट असते आणि बोटांनी चिरडू पाहिले तरी त्या निसटतात. खेकड्यासारख्या तिरक्या धावतात आणि पायांच्या वाकड्या नख्यांनी केसांना धरून राहतात. हिपोबोस्का वंशातल्या या माश्या. गुराढोरांवरची जात तपकिरी असून छातीवर पिवळट ठिपक्यांची नक्षी असते. कुत्र्यावरची हिपोबोस्का लॉन्जिपेनिस तिच्यासारखीच दिसते, फक्त थोडी लहान आणि लालसर असते. गुरे आणि कुत्रे एकाच अंगणात असले की दोघींची गल्लत होते.

यांची मादी अंडी घालत नाही. अळी तिच्या पोटातच वाढते आणि पूर्ण वाढ झाल्यावर एकेक करून बाहेर पडते. भिंतीच्या भेगेत किंवा कोरड्या मातीत पडताच ती कोषात जाते. त्यामुळे शेण कितीही साफ ठेवले तरी ही माशी हटत नाही. भेगा बुजवणे आणि अंगावरच्या माश्या वेचणे किंवा पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध लावणे, हे तिचे उपाय.

याच नात्यातल्या काही माश्यांनी पंख पूर्ण गमावले आहेत. मेंढीवरची पंखहीन माशी गोचिडासारखी दिसते, तर चिकूच्या वाड्यांवर येणाऱ्या फळभक्षी वटवाघळांच्या अंगावरची माशी लहान कोळ्यासारखी. अशा वेळी पाय मोजावेत. माशीला सहा पाय, गोचीड आणि कोळ्याला आठ.

जखमेवरची निळी-हिरवी माशी

जनावराच्या जखमेत आसाड्या पडणे हा गोपालकांना भिवविणारा प्रकार. वासराची ओली नाळ, जूने सोललेली बैलाची मान, वेसणीचे नाक, मोडलेले शिंग, गोचीड चावलेली जागा अशा कुठल्याही ओरखड्यापासून त्याची सुरुवात होते. यामागची मुख्य जात म्हणजे क्रायसोमिया बेझियाना. फ्रेंच संशोधक व्हिलनव्ह यांनी १९१४ मध्ये तिचे वर्णन केले आणि इटालियन माशीतज्ज्ञ मारिओ बेझ्झी यांचे नाव तिला दिले. तिची मादी जखमेच्या कडेला दीडशे-दोनशे अंड्यांचा पुंजका चिकटवते. दिवसभरात अळ्या बाहेर येतात, डोके आत खुपसून जिवंत मांस खातात, आणि पाच-सात दिवसांनी मातीत पडून कोषात जातात.

आता अडचण अशी, की हिच्यासारखीच चकचकीत निळी-हिरवी क्रायसोमिया मेगासिफाला सर्वत्र असते. ढाकटी डहाणूपासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले की त्यांवर येणाऱ्या माश्यांत ही असते. मेलेले जनावर, विष्ठा, कुजणारी मासळी हे तिचे अन्न. तीही जखमेवर बसते, पण तिथे आधीच सडलेल्या भागाकडे ओढली जाऊन. किनाऱ्यावरच्या माश्या पाहून 'आसाड्या पाडणारी माशी वाढली' असे अनुमान काढले तर ते चुकेल.

दोघींना वेगळे करणारी खूण पंखाच्या मुळाशी आहे. तिथे पापणीसारखा एक लहान पडदा असतो. बेझियानात खालचा पडदा मेणासारखा पांढरा, मेगासिफालात धुरकट तपकिरी. नरांमध्ये डोळेही पाहता येतात. मेगासिफाला नराच्या डोळ्यांच्या वरच्या भागातल्या पैलूंचा आकार खूप मोठा असतो आणि मोठे व लहान पैलू यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसते. बेझियाना नरात पैलू हळूहळू लहान होत जातात. तिसरी जात, क्रायसोमिया रुफिफेसिस, हिच्या छातीच्या पुढच्या श्वासरंध्राचा रंग पांढरट असतो, तर वरच्या दोघींत ते गडद असते.

प्रत्यक्षात माशीपेक्षा अळीच हाती लागते. बेझियानाच्या वाढलेल्या अळीवर जाड, काळसर काट्यांचे कडे असतात आणि ती स्क्रूसारखी पिळदार दिसते. तिच्या पुढच्या श्वासरंध्राला सहसा चार ते सहा बोटांसारखे फाटे असतात, मेगासिफालाच्या अळीला अकरा ते तेरा. रुफिफेसिसच्या अळीवर मांसल टोके उगवलेली असतात, म्हणून ती केसाळ वाटते. ती इतर अळ्यांनाही खाते.

चुकलेल्या ओळखीची किंमत

एवढ्या बारीक खुणांनी काय साधते याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. तिथेही जखमेत अळ्या पाडणारी एक माशी गुरांचा फडशा पाडत होती. ती आणि मेलेल्या जनावरांवर वाढणारी तिची सख्खी शेजारीण एकच आहेत असे बरीच वर्षे मानले गेले. म्हणून सापळे लावले, मेलेली जनावरे जाळली, आणि तरी जखमांतल्या अळ्या थांबल्या नाहीत. १९३३ मध्ये एमरी कुशिंग आणि वॉल्टर पॅटन यांनी नरांच्या जननेंद्रियांची तुलना करून दाखवून दिले की या दोन जाती आहेत. एक मेलेल्या मांसावर जगते, दुसरी फक्त जिवंत जनावरावर. यातले पॅटन हे भारताला ओळखीचे. मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले होते, फ्रान्सिस क्रॅग यांच्यासोबत १९१३ मध्ये वैद्यकीय कीटकशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले होते आणि भारतातल्या आसाड्या पाडणाऱ्या माश्यांचाही अभ्यास केला होता.

जात नक्की झाल्यावर तिच्या वागण्याचा अभ्यास झाला, आणि मादी आयुष्यात बहुधा एकदाच समागम करते हे लक्षात आले. त्यावरून किरणोत्साराने वंध्य केलेले नर सोडण्याची पद्धत निघाली. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर ती यशस्वी झाली. १९८८ मध्ये हीच माशी आफ्रिकेत लिबियात पोचली, तेव्हा मेक्सिकोत वाढवलेल्या वंध्य माश्या विमानाने आणून १९९१ पर्यंत ती तिथून नाहीशी करण्यात आली. वंध्य नर चुकीच्या जातीचे सोडले असते तर यातले काहीच घडले नसते.

शेतातल्या उपकारक परजीवी

सगळ्या परजीवी माश्या शत्रू नाहीत. टॅकिनिडी कुलातल्या माश्या पिकांवरच्या अळ्यांत वाढतात आणि त्यांना मारतात. अळीच्या डोक्यामागे चिकटलेले बारीक पांढरे अंडे दिसले तर ती अळी आतून खाल्ली जाणार असे समजावे. ही माशी घरमाशीसारखीच राखाडी, पण पोटावर ताठ, राठ केसांचे काटे असतात, शूक बहुधा गुळगुळीत असतो आणि छातीच्या मागच्या टोकाखाली एक फुगीर उंचवटा असतो. मांसमाशीच्या शूकाला बुडाच्या अर्ध्या भागात केस असतात, त्यावरून ती वेगळी पडते. मात्र याच कुलातली उझी माशी रेशीमकिड्यांवर वाढते. १९८० मध्ये ती कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीमउत्पादकांचे मोठे नुकसान झाले. मित्र की शत्रू हे यजमान कोण यावर ठरते.

नमुना कसा घ्यावा

खुणा टिकल्या तरच ओळख पटते. माशी चिरडली की केस आणि पट्टे पुसले जातात. ती काचेच्या बाटलीत पकडून कोरडी ठेवावी. जखमेतल्या अळ्या चिमट्याने काढून आधी खूप गरम पाण्यात टाकाव्यात, म्हणजे त्या आक्रसत नाहीत, आणि मग सुमारे ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेली अळी काळी पडून आखडते आणि तिची श्वासरंध्रे नीट दिसत नाहीत. जखमेच्या वरच्या थरातल्या अळ्यांबरोबर खोलवरच्याही घ्याव्यात, कारण दोन ठिकाणी दोन जाती असू शकतात. बाटलीवर गाव, तारीख, जनावर आणि शरीराचा भाग लिहावा. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, डहाणूजवळचे कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र किंवा परळचे १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे विचारणा करताना ही चिठ्ठी नमुन्याइतकीच उपयोगी पडते.

गोठ्यापुरता सारांश असा: पायांवर बसणारी, ताठ सोंडेची, पोटावर ठिपके असलेली माशी असेल तर ओला पेंढा काढावा. पाठीवर थव्याने बसणारी बारीक माशी असेल तर पोवटे रोज उचलावेत आणि अंगाला औषध लावावे. मोठ्या डोळ्यांची घोडमाशी असेल तर दुपारी जनावर सावलीत बांधावे. चपटी असेल तर भेगा बुजवाव्यात. निळी-हिरवी असेल आणि पंखाच्या मुळाचा पडदा पांढरा दिसला, तर गोठ्यातले प्रत्येक जनावर नाळेपासून खुरापर्यंत तपासून एकही जखम उघडी राहू देऊ नये.